अहिल्यादेवींचं तीनशेचं नाणं घ्यावं का? नाणी जमवणाऱ्या वाचकांचे प्रश्न

अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं नाणं आल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आणि व्हॉट्सअॅप मेसेजमधे त्याचीच विचारणा जास्त आहे, आणि इंदूरात ते साहजिकच आहे. म्हणून या अंकात फक्त नाण्यांचेच प्रश्न घेतलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं त्यामुळे फक्त भाग दिलाय.

प्रश्न : भाच्याची मुंज आहे, त्याला अहिल्यादेवींचं ३०० रुपयांचं नाणं द्यायचं मनात आहे. सराफ्यात एक दुकानदार मिंटच्या किमतीपेक्षा बराच जास्त भाव सांगतोय आणि म्हणतोय की काकू घेऊन ठेवा, दहा वर्षांत दहापट होईल. घेऊ का? — एक काकू, राजेंद्रनगर

काकू, मुंजीत द्यायला म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, इंदूरच्या मुलाला याहून छान भेट मला तरी सुचत नाही. पण दहापटीच्या आशेनं घेत असाल तर जरा थांबा.

हे नाणं ३१ मे २०२५ ला भोपाळमधे पंतप्रधानांच्या हस्ते निघालं, देवींच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून ३०० रुपयांचं. असली नाणी बाजारात फिरायला काढतच नाहीत, ती संग्राहकांसाठीच पाडतात आणि सरकारी टांकसाळी ती डबीत घालून विकतात. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत, त्या सगळ्या एसपीएमसीआयएल या सरकारी कंपनीकडे आहेत आणि बुकिंग त्यांच्याच वेबसाइटवर होतं. बुकिंग उघडलं की पैसे भरायचे आणि मग वाट बघायची, कधीकधी महिनोन्‌महिने. हा थांबायचा कंटाळा येतो ना लोकांना, दुकानदार त्याचेच जास्तीचे पैसे घेतो. तो फसवतोय असं मी म्हणत नाही, त्यानंही आधी पैसे अडकवलेले असतात, पण ज्या दिवशी तुम्ही त्याच्याकडून चढ्या भावानं घेता त्या दिवशीच तुमचा पुढचा नफा तो घेऊन गेलेला असतो.

आता चांदीचं बघू. आपल्या ग्वाल्हेरची दोन उदाहरणं घ्या, अटलजींचं १०० रुपयांचं नाणं डिसेंबर २०१८ मधे आलं आणि राजमाता विजयाराजे शिंदे यांचं ऑक्टोबर २०२० मधे. अटलजींचं नाणं ३५ ग्रॅमचं, ४४ मिलिमीटर व्यासाचं, हातात घेतलं की चांगलं जड लागतं आणि माणसाला वाटतं सगळी चांदीच आहे. पण त्यात चांदी निम्मी, बाकी ४० टक्के तांबं आणि थोडं निकेल, थोडं जस्त. म्हणजे शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. चांदी चढली की अशा नाण्यांचे भाव थोडे वर सरकतात हे खरंय, पण ३५ ग्रॅमचं नाणं म्हणजे ३५ ग्रॅम चांदी असं धरून पैसे मोजाल तर हिशेब पहिल्याच पायरीला चुकतो. शिवाय २०११ च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवायला बंदी आहे, म्हणजे अगदीच वेळ आली तर आटवून टाकू हा जो विचार आपण दागिन्यांबद्दल करतो तो इथे करताच येत नाही. बँकेच्या लेखी त्याची किंमत छापली असेल तेवढीच. मग उरतो दुसरा संग्राहक, तो भेटला तर भाव, नाही भेटला तर डबी कपाटात.

म्हणून अहिल्यादेवींचं नाणं घेताना आधी त्याची राजपत्रातली अधिसूचना बघा, धातू, वजन, व्यास सगळं तिथे लिहिलेलं असतं, दुकानदाराच्या तोंडचं धरू नका. मिंटची मूळ डबी आणि सर्टिफिकेट हवंच, त्याशिवाय घेऊच नका. प्रूफ घ्यायचं की यूएनसी असंही विचारलंय तुम्ही. प्रूफ म्हणजे चकाकी दिलेल्या चकतीवर चकाकी दिलेल्या ठशानं एकाहून जास्त वेळा मारलेलं नाणं, मागची जमीन आरशासारखी आणि चेहरा पांढुरका दुधाळ. यूएनसी म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं पाडलेलं पण कुणाच्या खिशात न गेलेलं. मुंजीसाठी प्रूफ द्या, दिसतंच इतकं देखणं, पण भाच्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की कॅप्सूल उघडायची नाही, कारण आरशावर बोटाचा ठसा उमटला की तो कायमचा.

आणि देवींचं तीनशेचं नाणं घ्याल तेव्हा त्याच्यासोबत जमलं तर होळकरांचा एक जुना रुपया बघा, निदान फोटोत तरी. देवींच्या काळच्या महेश्वरच्या रुपयावर नाव दिल्लीच्या शाह आलमचं, पण सोबत शिवलिंग आणि बेलपत्र आहे. स्वतःचा चेहरा नाही, नाव नाही, फक्त बेलाचं पान. मला विचाराल तर मुंजीच्या मुलाला सांगायची गोष्ट ही आहे.

प्रश्न : माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. फेसबुकवर एका जाहिरातीत त्याला लाखो रुपये देतायत. फोन केला तर म्हणाले आधी रजिस्ट्रेशन फी आणि टॅक्स भरा. भरू का? — एक विद्यार्थी, सुदामानगर

एक रुपयाही भरू नकोस. फोन नंबर ब्लॉक कर, ओटीपी दिला असशील तर आजच बँकेत जा.

हे नाणं २०१२ चं आहे, ढिगानं पाडलेलं, चहाच्या टपरीवर सुट्ट्यात मिळतं. ज्याला खरंच नाणं विकत घ्यायचंय तो पैसे देतो, मागत नाही, एवढं एक लक्षात ठेव. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मधे स्पष्ट सांगितलंय की जुन्या नोटा नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही आणि आपल्या नावानं कुणी कमिशन किंवा टॅक्स मागत असेल तर देऊ नका. तरीही दर महिन्याला असं एखादं पत्र येतं आणि खरंच वाईट वाटतं कारण फसणारे बहुतेक तुझ्या वयाचे किंवा आजीआजोबांच्या वयाचे असतात. तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं म्हणून जे विकतात तोही असाच प्रकार, घरात कुणी त्या नादाला लागलं असेल तर वेळीच अडवा.

प्रश्न : वडिलांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात नेहरूंचा रुपया, गांधीजींची दहा रुपयांची दोन नाणी (काळी पडलीत), नंदी असलेले तांब्याचे पैसे आणि १८१८ सालचं ईस्ट इंडिया कंपनीचं रामदरबाराचं नाणं आहे. सून म्हणते पितांबरीनं घासून लख्ख करू. किंमत किती येईल? — एक आजोबा, रामबाग

आजोबा, सूनबाईंना आधी थांबवा. पितांबरी, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख, काहीही नको. चांदीवरचा तो काळा थर हवेतल्या गंधकानं येतो, तो नाण्याचं वय सांगतो आणि जाणकार माणूस त्याला दोष मानत नाही, उलट घासलेलं नाणं भिंगाखाली धरलं की बारीक बारीक ओरखडे एका दिशेला गेलेले दिसतात आणि त्याचा भाव तिथेच पडतो. कडेला धरून उचला, मधे बोट लावू नका, आणि मऊ प्लास्टिकच्या अल्बममधे तर मुळीच ठेवू नका. त्या पीव्हीसीतून काही वर्षांनी हिरवट चिकट काहीतरी सुटतं आणि तांबं खातं. पुठ्ठ्याचे होल्डर मिळतात स्वस्तात, ते आणा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात बदला.

आता एकेक घेऊ. नेहरूंचा रुपया १९६४ चा, स्वतंत्र भारतातलं पहिलं स्मारक नाणं. लोहचुंबक लावून बघा, चिकटेल, कारण ते निकेलचं आहे. किंमत फार नाही पण संग्रहाची सुरुवात इथूनच होते म्हणून मोलाचं. गांधीजींची दहाची नाणी १९६९ च्या जन्मशताब्दीची, १५ ग्रॅमची, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे एकेकात बारा ग्रॅम. वर १८६९–१९४८ एवढंच छापलंय, पाडल्याचं साल वेगळं नाही, म्हणून घरोघरी लोक ते १८६९ चं समजून बसतात. आपल्या आधीच्या पिढीनं ती नाणी जपून ठेवली त्यामुळे आजही बऱ्यापैकी मिळतात, भाव साधारण चांदीच्या मागे मागे चालतो. ती ठेवा.

नंदीचे पैसे म्हणजे आपल्या इंदूरचे, शिवाजीराव होळकरांच्या काळातले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचे. बसलेला नंदी आणि देवनागरी अक्षरं नीट वाचता येत असतील तर तुमच्या डब्यात मला सगळ्यात आवडलेलं नाणं तेच.

आणि रामदरबार. मनाला लागेल पण सांगतो, ते कंपनीचं नाणं नाहीच. कंपनीनं १८१८ मधे राम-सीता-लक्ष्मणाची नाणी कधी पाडली नाहीत, सगळ्या मुलखात एकसारखी नाणी चालवायला तर त्यांनी १८३५ मधे सुरुवात केली. हे नंतर कुणीतरी विकायला बनवलेले बिल्ले. देवळांतून मिळणारे रामटंके वेगळे, त्यांना पूजेची परंपरा आहे, पण कंपनीचं नाव आणि १८१८ घातलेलं जे काही असतं ते बनावटच. वडिलांनी देव्हाऱ्यात ठेवलं असेल तर तिथेच राहू दे, विकायला मात्र कुणाकडे नेऊ नका आणि कुणी मोठी रक्कम सांगितली तर वरच्या मुलाला दिलेलं उत्तर वाचा.

प्रश्न : नाण्यावर सालाखाली छोटा तारा किंवा टिंब असतं ते काय? — लोकमान्यनगर

टांकसाळीची खूण. तारा हैदराबाद, गोल टिंब नोएडा, पत्त्यांतली चौकट मुंबई, आणि काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफवर इंग्रजी एम असतो, जुन्यांवर बी. एकाच नाण्याच्या चारही खुणा जमवणारे लोक आहेत, बिनखर्चाचा छंद आहे, सुट्टे घेताना नजर टाकायची बस.

प्रश्न : महिन्याला पाचशे रुपयेच काढू शकते, तेवढ्यात काय होणार? — शिक्षिका, टिळकनगर

भरपूर होणार! मी तर म्हणेन की मोठ्या डब्यांच्या मागे न लागता बाजारात फिरलेली स्मारक नाणीच जमवा, आणि एक विषय धरा. आपला विषय बघा किती सोपा आहे : ज्ञानेश्वरांचा रुपया १९९९, शिवाजी महाराजांचे दोन रुपये १९९९, तुकारामांचा रुपया २००२, टिळकांचे पाच रुपये २००७. आंबेडकरांचा रुपया १९९० चा आणि नंतर २०१५ चे दहा रुपये, बाबासाहेबांचा जन्म तर महूचा, आपल्या शेजारचा. ही नाणी वापरलेली असतील तर थोडक्यात मिळतात, कोरी हवी असतील तर जरा जास्त, पण शक्यतो कोरीच घ्या, चार कमी आली तरी चालतील. पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी नाण्याची हालत बघतं आणि मग नाव. प्रत्येक होल्डरवर कधी, कुठून, कितीला घेतलं ते पेन्सिलनं लिहा आणि बिल जपा. वर्गात नेऊन मुलांच्या हातात भिंग द्या, तुकाराम आणि टिळक शेजारी ठेवून.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो, त्याला होळकरांचा चांदीचा रुपया पाठवायचाय. कुरिअर करू की तो आला की बॅगेत देऊ? — रामबाग

दोन्ही नको. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि देशाबाहेर नेता येत नाही, विमानतळावर सापडलं तर जप्ती आणि केस. होळकरांचंच काही द्यायचं असेल तर दुसऱ्या यशवंतराव होळकरांचं १९३५ चं तांब्याचं नाणं शोधा, पाव आण्याचं किंवा अर्ध्या आण्याचं, त्यांचा चेहरा आहे वर. त्याला अजून शंभर झालेली नाहीत. नाण्याचा फोटो आणि साल लिहिलेलं पक्कं बिल त्याच्याजवळ राहू द्या.