गाणं दुसरीच्या गळ्यात

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा तुझ्या बाजूने आणि दुसऱ्यांदा त्या दुसऱ्या मुलीच्या. शब्द तुझे, चालही तुझीच, आणि प्रयोग आठ दिवसांवर असताना दिग्दर्शकाने गाणं तुझ्याकडून काढून तिला दिलं. का, तर त्या क्षणी रंगमंचावर तिचं पात्र आहे, तुझं नाही. शिवाय तिचा गळा मोठा. आणि शेवटी तुझा प्रश्न: ‘काका, मग मी लिहायचंच कशाला?’

तू लंडनच्या हॅकनीत खोली घेऊन राहतेस ना? त्याच हॅकनीत २४ सप्टेंबर १९३१ ला अँथनी न्यूली जन्मला. नाव तू ऐकलेलं नसणार. गाणी मात्र नक्की ऐकली आहेस. त्यातलं एक तर गेल्या दिवाळीत आमच्या गच्चीवर म्हटलंस आणि सगळ्यांना सांगितलंस, की हे नीना सिमोन या अमेरिकन गायिकेचं. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तोंडात चकली होती. ‘फीलिंग गुड’ न्यूलीचं आहे. त्याचं आणि लेझ्ली ब्रिकस या त्याच्या जोडीदाराचं.

हा मूळचा नट, हे आधी लक्षात घे. आईचं लग्न झालेलं नव्हतं, घरात पैसा नव्हता. चौदाव्या वर्षी पेपरात ‘बालनट तातडीने हवेत’ अशी जाहिरात बघून पोरगं लंडनच्या इटालिया काँटी नाट्यशाळेत गेलं. फी ऐकून परत फिरायची वेळ आली. पण त्यांनी त्याला ऑफिसबॉय म्हणून ठेवून घेतलं. आठवड्याला तीस शिलिंग आणि शिकवणी फुकट. तिथेच चहा देता देता एका निर्मात्याच्या नजरेत भरला. १९४८ साली डेव्हिड लीनच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तो आर्टफुल डॉजर होता, खिसेकापू पोरांमधला बेरकी म्होरक्या. तो सिनेमा मिळवून बघच. वाढत्या अंगाचं पोर आणि अंगावर मोठ्या माणसाचे कपडे, पण त्याची चाल बघ. सोळाव्या वर्षी हे पोर चालण्यातून माणूस उभा करतंय.

पुढची दहा वर्षं मिळेल ते काम. ती मी लांबवत नाही, तूही आता तेच करते आहेस.

१९५९ मध्ये त्याने एका विनोदी सिनेमात सैन्यात भरती झालेल्या रॉक अँड रोल गायकाची भूमिका केली. ही गायकांची टर उडवणारी भूमिका. पण त्यातलं गाणं खरंच गाजलं आणि नट पॉप गायक होऊन बसला. १९६० मध्ये त्याच्या दोन तबकड्या ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या. सोंग घेतलं आणि ते अंगाला चिकटलं! तेव्हाचे बरेच इंग्रज पोरं गाताना अमेरिकन उच्चार करायची. हा मात्र आपल्या लंडनच्या गल्लीतल्या बोलीतच गायचा, शब्द चावत, मध्येच ओढून. तरुण डेव्हिड बोवीने सुरुवातीच्या तबकड्यांत हाच ढंग उचललेला आहे, लगेच ऐकू येतो. तुझ्या नाट्यशाळेतले तुला ‘उच्चार जरा सपाट कर’ म्हणतात, असं लिहिलंस. संवादासाठी गरज असेल तिथे कर. गाण्यात इतक्या सहजी करू नकोस.

आता १९६१. ‘स्टॉप द वर्ल्ड – आय वाँट टू गेट ऑफ’ हे संगीत नाटक जुलैमध्ये लंडनच्या क्वीन्स थिएटरला उघडलं. लेखन, गाणी, संगीत न्यूली आणि ब्रिकस या दोघांचं. दिग्दर्शन न्यूलीचं आणि प्रमुख भूमिकाही त्याचीच. नेपथ्य म्हणजे सर्कशीच्या तंबूचा नुसता आभास. चेहऱ्यावर पांढरा रंग, ढगळ पँट. लिटलचॅप नावाचा एक सामान्य माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत आपल्यासमोर जगतो. सासऱ्याच्या जिवावर वर चढतो, बायकोला गृहीत धरतो, बाहेर शेण खातो. शेवटी बायको गेल्यावर त्याला कळतं की आपण आयुष्यात फक्त स्वतःवर प्रेम केलं. तिथे येतं ‘व्हॉट काइंड ऑफ फूल अ‍ॅम आय’.

या नाटकाची एलपी मी मुंबईत फुटपाथवर घेतली होती. कव्हर कसरीने कुरतडलेलं आणि नेमका शेवटच्या गाण्यावर ओरखडा. त्यामुळे ‘फूल’ हा शब्द माझ्या घरी कधी धड आलाच नाही, सुई तिथे उडी मारायची. तरी एक गोष्ट त्यातूनही कळली. तो हे गाणं सुरू करतो तेव्हा गातच नाही, स्वतःला विचारतो. आवाज नंतर चढतो. आधी नट, मग गायक. म्हणून ते गाणं नाटकात जीव घेतं.

आणि तरी ते जगभर पोहोचलं ते इतरांच्या आवाजात. सॅमी डेव्हिस ज्युनियरने अमेरिकेत ते गाजवलं, १९६३ मध्ये वर्षातलं सर्वोत्तम गीत म्हणून त्याला ग्रॅमी मिळालं. ग्रॅमीचं हे पारितोषिक लिहिणाऱ्यांना मिळतं, गाणाऱ्याला नाही, हेही जाता जाता ध्यानात ठेव.

१९६४ मध्ये बाँडपट आला, ‘गोल्डफिंगर’. चाल जॉन बॅरीची, शब्द न्यूली आणि ब्रिकसचे. पडद्यावर गायली शर्ली बॅसी. पण न्यूलीने स्वतःही ते आधी ध्वनिमुद्रित करून बघितलं होतं. ते बरीच वर्षं पडून होतं आणि १९९२ मध्ये बाहेर आलं. आज रात्री दोन्ही लागोपाठ ऐक. हेडफोन लावून ऐक, मोबाइलच्या स्पीकरवर नको. न्यूली कानाशी येऊन चहाडी केल्यासारखा सांगतो: त्या माणसाच्या नादी लागू नकोस. मला तर तो जास्त भीतिदायक वाटतो. बॅसी तेच शब्द घेऊन अख्खं थिएटर हलवते. सिनेमाच्या सुरुवातीला, सोन्याने माखलेल्या अंगावर सिनेमातली दृश्यं उमटत असताना, काय हवं होतं? चहाडी नव्हे. नट म्हणून हे न्यूलीला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

आता तुझ्या लाडक्या गाण्याकडे येऊ. ‘द रोअर ऑफ द ग्रीसपेंट – द स्मेल ऑफ द क्राउड’ हे या जोडीचं पुढचं नाटक. १९६४ मध्ये इंग्लंडच्या गावोगावी प्रयोग झाले, पण लंडनच्या वेस्ट एंडपर्यंत पोहोचलंच नाही. आपल्या भाषेत, दौऱ्यातच आपटलं. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेलं तेव्हा न्यूली स्वतः त्यात कॉकी झाला. नाटकात सर हा वरच्या वर्गातला आणि कॉकी हा खालचा. दोघं आयुष्याचा एक खेळ खेळतात, नियम मात्र कायम सरच्या सोयीचे. मध्येच एक काळा माणूस येतो. हे दोघं आपसांत भांडत असताना तो गुपचूप खेळ जिंकतो आणि गातो ‘फीलिंग गुड’. बघ आता. नाटक न्यूलीचं, गाणं न्यूलीचं, ब्रॉडवेच्या रंगमंचावर न्यूली हजर. पण गाणार गिल्बर्ट प्राइस, कारण ते गाणं त्या पात्राचं आहे. कॉकीने म्हटलं असतं तर त्याला काडीचा अर्थ उरला नसता.

त्याच वर्षी नीना सिमोनने ते घेतलं. सुरुवातीला वाद्य नाही, काही नाही, नुसता आवाज. पक्षी, सूर्य, वारा यांना ती एकेक करून साक्षीला बोलावते. मग पितळी वाद्यं धाडकन अंगावर येतात. न्यूलीच्या डोक्यात हे असं होतं का? अजिबात नसणार. त्यानंतर ते त्याचं राहिलं नाही आणि त्याच्या इतर कुठल्याही गाण्याहून ते जास्त जगलं. मूळ नाटक आज किती जणांना आठवतं?

याच्या उलट टोक सांगतो. १९६९ मध्ये त्याने एक सिनेमा काढला. नाव इतकं लांब की लिहीत नाही. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, नायक तोच, पटकथेत वाटा, संगीतही त्याचंच. बायको जोन कॉलिन्स आणि दोन्ही मुलं पडद्यावर. विषय? तो स्वतःच. बहुतेक समीक्षकांनी सोलून काढलं. लवकरच संसारही मोडला. सगळं आपल्याच हातात हवं, हा हट्ट तुझ्यात मी पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींपासून बघतोय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तेव्हा तू प्रकाशयोजनेच्या पोराच्या हातातून डिमर काढून घेतला होतास.

मी फार मोठ्या तोंडाने बोलू शकत नाही. १९८६ मध्ये एका संस्थेच्या नाटकाबरोबर मी पेटीवर होतो. मिरजेच्या अलीकडे बस पंक्चर झाली आणि चाक बदलेपर्यंत मी नायिकेसाठी चार कडवी लिहिली. सांगलीच्या प्रयोगात ती म्हटली गेली, वन्स मोअर आला. पुढे त्याची कॅसेट निघाली. त्यावर छापलं होतं, ‘शब्द : पारंपरिक’. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो गं, पारंपरिक कुठला! कागद काही नव्हता, भांडायचं कशाच्या जोरावर? राग मी गाण्यावर काढला. नऊ वर्षं एक ओळ लिहिली नाही. कॅसेटवाल्यांचं त्यात काय गेलं?

म्हणून कागद. गाणं दे, पण आधी एका पानावर लिही: शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा किती टक्के वाटा, तारीख, सह्या. उद्या त्या मुलीने अंतऱ्याची चाल बदलली तर तेही त्याच दिवशी ठरवून टाक. तिकडे पीआरएस नावाची संस्था आहे, तिची सभासद हो. रेडिओवर, मैफलीत, हॉटेलात गाणं वाजलं की गीतकार-संगीतकारांसाठी ती पैसे गोळा करते. नाटकाचाच भाग म्हणून नाटकात म्हटलेल्या गाण्याचे हक्क मात्र सहसा लेखकाशी थेट ठरवतात, ते तिच्यावर सोडून चालत नाही. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीपासून सिनेमातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. न्यूली १९९९ मध्ये गेला, ब्रिकस २०२१ मध्ये. ब्रिटनच्या कायद्यात जोडीतला शेवटचा गेल्यावर सत्तर वर्षं हक्क राहतो. म्हणजे २०९१ संपेपर्यंत ‘फीलिंग गुड’ कोणीही जाहिरातीत वापरलं तरी परवानगी आणि पैसे आलेच, गाणारी कोणी का असेना.

शेवटी शेवटी न्यूलीचं काय झालं, हे तू विचारशील. लास वेगासमध्ये बरीच वर्षं आपलीच गाणी गायला. १९९८ मध्ये ‘ईस्टएंडर्स’ या मालिकेत मोटारी विकणाऱ्याचं काम केलं. चहा देण्यापासून सुरुवात केलेला माणूस मालिकेतल्या छोट्या कामापर्यंत नटच राहिला.

तर उद्याच्या तालमीत हे कर. तिची पट्टी विचार. तू बांधलंस काळी दोनला, तिच्या आवाजाची जागा बहुतेक दोन सूर वर आहे. तशी पट्टी बदललीस तर धृवपदाचा शेवटचा सूर तिच्या टिपेला जाईल आणि तिथे तू ‘ई’ ठेवली आहेस. वरच्या सुरावर ‘ई’ने गळा आवळतो, ‘आ’ येईल असा शब्द शोध. तिसऱ्या ओळीत श्वासाला जागाच नाही. तू नेहमी दम कोंडून निभावून नेतेस, ती कशाला निभावेल? दोन मात्रा मोकळ्या सोड.

आणि मधली ती मराठी ओळ काढू नकोस, दिग्दर्शक म्हणाला तरी. तीत ‘आभाळ’ आहे. तिला ‘ळ’ पहिल्या दिवशी येणार नाही, ‘आभाल’ म्हणेल. हसू नकोस. तोंड उघडून जीभ टाळूला कुठे लागते ते दाखव, आरसा घेऊन दोघी बसा. जमलं की फोनवर रेकॉर्ड करून पाठव. तिच्या आवाजातलं, तुझ्या नको.

तुझा,
काका