बाई घाटावरच्या, झील मालवणी

प्रश्न : मालवणजवळच्या वाडीत राहतो. मुलगा १५ जूनला जिल्हा परिषद शाळेत पहिलीत जाणार. अंगणवाडी घरासमोरच होती, तिथेही आजी दारात बसून असायची. आता शाळेचं नाव काढलं की "माका नको" म्हणून माळ्यावर जाऊन बसतो. सासूबाई म्हणतात, खेळात रमला की गुपचूप निघून ये. यजमान ट्रॉलरवर असतात. मुलाला मालवणीच येते आणि बाई घाटावरच्या. आतापासून घरात शुद्ध मराठी बोलू का?

उत्तर : सासूबाईंचा मान राखून सांगते, गुपचूप येऊ नका. पहिल्या दिवशी जमेल, दुसऱ्या दिवसापासून पोर खेळात रमणारच नाही, एक डोळा तुमच्या पदरावर ठेवील. "घंटा झाली काय मी येतंय" म्हणा आणि निघा. रडला तरी निघा. मात्र घंटेआधी फाटकाशी हजर राहा.

खरं तर सोडायला यजमानांनाच पाठवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला. एवढा योग पुन्हा कधी येणार?

घरात मालवणीच बोला. शाळेतली मराठी तो महिन्या-दोन महिन्यांत उचलेल. शिकवायचं ते बाईंना! "माका मुतूक जावचा आसा", "पोटात दुखता" म्हणजे काय, ते त्यांना आधीच जाऊन सांगा. पोरं चड्डीत करतात ती बरेचदा सांगता न आल्यामुळे, आणि मग शाळेलाच घाबरतात. त्याच फेरीत त्याला शाळेचं स्वच्छतागृह दाखवा, कडी लावायला-काढायला लावा. रेनकोटची बटणं आणि डब्याचं झाकण घरी त्याचं त्याला उघडू दे, कितीही वेळ लागो.

आणि छप्पर बघून ठेवा. पत्र्याचं असेल तर जूनच्या पावसात एवढा आवाज होतो की बाईंचं बोलणं ऐकू येत नाही. कौलारू घरातल्या पोराला हे नवीन. मी पहिलीत त्या आवाजानेच रडले होते, बाई मात्र "आई येईल हं" म्हणत राहिल्या. त्याला आधीच सांगा, पत्रे वाजतात, पडत नाहीत.

ऑगस्टमध्ये बाबा समुद्रात जातील, मग गणपतीची सुट्टी. त्यानंतर पुन्हा दोन-चार दिवस रडारड होईल. तेव्हाही निरोप तोच, घंटा झाली काय मी येतंय.