मुनाफिक नाहीस तू

बेटा,

तुझा रात्री साडेबाराचा व्हॉइस मेसेज फजरच्या नमाजानंतर ऐकला, दोनदा ऐकला. पेपरात उत्क्रांतीवर दहा मार्कांचं उत्तर लिहून आलीस आणि मगरिबच्या नमाजाला मुसल्यावर उभी राहिलीस तर वाटलं की मी मुनाफिक, म्हणजे ढोंगी आहे, आत एक बाहेर एक. अगं मुनाफिकाची झोप कशाला उडतीय? तुझी उडालीय.

आधी माझं सांगतो. निपाणीकडं तीस वर्षं बायोलॉजी शिकवली, पण पहिली पाच-सहा वर्षं हा धडा आला की म्हणायचो, परीक्षेला येतंय, पाठ करा, मनावर घेऊ नका. पोरं हसायची, मीपण हसायचो. आता लाज वाटते, कारण त्यात विज्ञान तर शिकवलं नाहीच आणि दीनला, आपल्या धर्मालापण मी एवढं नाजूक समजत होतो की एका धड्यानं तडा जाईल.

म्हणून तू आधी पुरावा बघ, मत नंतर. रविवारी घरी कोंबडी आणली की पंखाचा तुकडा हातात घे, वर एक हाड, खाली दोन, मग पुढं चिकटून गेलेली बोटं. आता स्वतःचा हात चाचपून बघ. आपल्या खानापूरच्या जंगलात, भीमगडकडं बारापेडे गुहेत ते रॉटनचं वटवाघूळ आहे ना, 1913 ला जगाला कळलेलं, त्याच्या पंखातपण हाच सांगाडा, फक्त बोटं लांबलचक. आणि क्रोमोसोमचं, गुणसूत्रांचं तर तुला माहीतच आहे, चिंपांझीच्या 24 जोड्या, आपल्या 23, आणि आपला दोन नंबरचा दोन जुने जोडून झालाय, सांधा अजून दिसतो. हे कुणी काफिर म्हणतो म्हणून नाही, तिथं आहे म्हणून.

खरी अडचण कोंबडीत नाहीच, पहिला माणूस मानलेल्या हजरत आदमपाशी आहे, हे तूपण ओळखलंयस. तिथं लोकांचं एकमत नाही बघ. कुणी म्हणतं झाडं-प्राणी सगळं मान्य, फक्त आदम वेगळे, कुणी म्हणतं मातीपासून केलं एवढंच सांगितलंय, कसं ते सांगितलं नाही, आणि कुणाला अख्खी थिअरीच नको. जॉर्डनच्या राना दजानी स्वतः नमाजी, मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट, आणि मुस्लिम पोरांना उत्क्रांती शिकवतात. 2013 च्या प्यू या अमेरिकन संस्थेच्या सर्व्हेत माणूस काळाबरोबर बदलत आला असं मानणारे मुसलमान लेबनॉनमध्ये 78 टक्के निघाले आणि इराकमध्ये 27. कुराण दोन्हीकडं एकच की. म्हणजे शाळा, घर, राजकारण, बरंच काही मधे येतं. माझं स्वतःचं आदमबद्दल अजून पक्कं नाही आणि साठी उलटून गेली, तुला विशीत कसली घाई?

एक मात्र सांगतो, दोन्ही बाजूच्या फॉरवर्डांपासून लांब राहा. एक येतो "डार्विन खोटा ठरला", दुसरा येतो "अल-जाहिझनं हजार वर्षं आधीच सांगितलं होतं". जाहिझ नवव्या शतकातला बसऱ्याचा मोठा माणूस, किताब अल-हयवान या प्राण्यांवरच्या पुस्तकात त्यांची एकमेकांना खायची झटापट त्यानं भारी लिहिलीय, पण ती डार्विनची थिअरी नव्हे, उगीच त्याच्या गळ्यात घालू नये. तसंच "तुम्हाला टप्प्याटप्प्यानं घडवलं" ही कुराणातली आयत दाखवून उत्क्रांती सिद्ध करत बसू नको, जुने मुफस्सिर, म्हणजे कुराणाचा अर्थ सांगणारे, तिथं आईच्या पोटातले टप्पे धरतात. उद्या थिअरीत काही बदललं तर आयतपण बदलणार काय? मला आवडते ती सूरह अनकबूतची 20 वी, जमिनीवर फिरा आणि बघा त्यानं निर्मिती कशी सुरू केली. ती फक्त बघा म्हणते.

आणि अब्बांशी जेवताना हा विषय काढू नको, दमून आलेले असतात. दादीला मात्र त्या कोंबडीच्या पंखाजवळ बसव, ती तुझ्यापेक्षा जास्त पंख साफ केलेली बाई आहे, बघ काय म्हणते.

बेळगावहून या रविवारी येणार असशील तर असरनंतर घरीच आहे. येताना ती प्रॅक्टिकलची जर्नल आण, मागच्या वेळी बेडकाची आकृती उलटी काढली होतीस.

तुझा सर