कुठल्या तोंडाने प्रार्थना करू, ताई?

वास्को असो नाहीतर मडगाव, समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सारखा येतो. कुणी मुलावर हात उचललेला असतो, कुणी शपथ घेऊन परत बाटली धरलेली असते, आणि मग सगळ्यात आधी बंद होते ती प्रार्थनाच. म्हणून ही एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाई वास्कोच्या, माहेर बेळगावचं, चर्चमधल्या मराठी उपासनेला जाणाऱ्या, तिथल्या भगिनी मंडळाची प्रार्थना त्याच चालवायच्या. मिस्टर जहाजावर, महिनोन्‌महिने घरी नाहीत. घरात सासूबाईंना डिमेन्शिया, रात्री उठून दाराची कडी काढायच्या, "मला माझ्या घरी जायचंय" म्हणायच्या, आणि ह्यांची झोप म्हणजे नावालाच. एका रात्री ह्या ओरडल्या, दंड धरून त्यांना खाटेवर जोरात बसवलं आणि सकाळी बघतात तर सासूबाईंच्या दंडावर बोटांचे वळ. त्या दिवसापासून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कपाटात.

मी आधी झोपेचं विचारलं, मग मरणाचे विचार येतात का ते सरळ विचारलं. "जीव द्यायचा विचार नाही हो, पण देवाने उचललं तर बरं असं वाटतं." मग आम्ही बायबलमधल्या गणना पुस्तकाचा 11वा अध्याय उघडला. इस्राएली लोकांना मिसरातून घेऊन निघालेला मोशे तिथे देवाला चक्क म्हणतो की ह्या सगळ्या लोकांचं ओझं मला एकट्याला झेपत नाही, असंच वागवणार असशील तर मला मारून टाक. बाईंनी ते परत वाचलं. "ताई, देवाशी असं बोललेलं चालतं?" मी म्हटलं पुढे वाचा, देव त्याला झापतो का बघा. देव म्हणतो 70 वडीलजन गोळा कर, ते तुझ्याबरोबर भार उचलतील. एलीया संदेष्ट्याचंही तसंच, 1 राजे 19, रानात झुडपाखाली बसून मरण मागतो आणि त्याला आधी मिळते ती झोप, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी, आणि तेही दोनदा, उपदेश नाहीच.

पण एक सांगते, "दावीदपण चुकला होता ना" हे वाक्य मी बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय आणि तेव्हा मला खरंच राग येतो. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला मारवलं, पण नाथान संदेष्टा समोर उभा राहिल्यावर तो "मी पाप केलंय" म्हणाला, सबबी दिल्या नाहीत, आणि त्याच्या घराने त्याची किंमत पुढे कितीतरी वर्षं भोगली. 51वं स्तोत्र त्याच प्रसंगाचं म्हणून आपण वाचतो ना, मग ते पाठ म्हणून चूक झाकायची नसते. म्हणून वळांचा विषय आम्ही सोडला नाही. बाईंनी मिस्टरांना फोनवर सगळं सांगितलं, नणंदेला सांगितलं, सासूबाईंची माफी मागितली, त्यांना किती कळलं देव जाणे.

मग त्यांचे "70 वडीलजन" शोधायला बसलो. नणंद शनिवार-रविवार आईला फोंड्याला नेते, मंडळातल्या दोघी संध्याकाळी आळीपाळीने बसतात, चर्चच्या पाळकांनीच ते जमवून दिलं. सासूबाईंच्या रात्रीच्या त्रासासाठी बांबोळीच्या आयपीएचबी ह्या सरकारी मानसोपचार रुग्णालयात दाखवलं. प्रार्थनेसाठी मी एवढंच सांगितलं की झोपताना एकच वाक्य, पण खरं. पहिल्या रात्रीचं त्यांनी मला वाचून दाखवलं, "प्रभू, आज मला त्यांची चीड आली, सॉरी, पण आली." मला वाटतं, बऱ्याच दिवसांत त्यांनी केलेली ती सगळ्यात सरळ प्रार्थना असेल.

चीड अजूनही येते. आवाज चढायला लागला की त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहतात. मंडळ सध्या दुसरी बहीण चालवते, ह्या मागे बसतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, हे मला फार बरं वाटलं.

आणि हे वाचणाऱ्या कुणालाही मोशे-एलीयासारखं मरण मागावंसं वाटत असेल तर ते देवाला सांगाच, पण घरातल्या एका माणसालाही आजच सांगा, आणि टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.