मोती बागेतले मणी खातो

प्रश्न : आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग आहे. काढणीच्या दिवसांत आमचा कुत्रा मोती खाली पडलेले द्राक्षांचे मणी खातो. सासूबाई म्हणतात, फळच तर आहे. रोज दूध-पोळी देते, ती पुरेशी आहे का?

उत्तर : ताई, मोतीला आजपासून बागेत मोकळं सोडू नका. द्राक्षं आणि बेदाणे, दोन्हींनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यातच आजारी पडतो. त्यामुळे आजवर काही झालं नाही, यावर विसंबू नका. संशय द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर आहे. ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेची आमटीही नको.

बहुधा दिवसभरात उलट्या होतात, कुत्रा मलूल पडतो. लघवी कमी होईपर्यंत फार उशीर झालेला असतो. ओझरहून एक लॅब्रेडॉर कुत्री द्राक्षं खाल्ल्यावर चौथ्या दिवशी माझ्याकडे आली होती. सलाईन लावलं, रात्रभर बसले, ती गेली. अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून सांगते, मणी खाल्लेले दिसले की लगेच दवाखाना गाठा. पहिल्या दोनेक तासांत औषधाने उलटी करवता येते. घरी मिठाचं पाणी मात्र पाजू नका, तेही जिवावर बेततं.

दूध-पोळीने पोट भरतं, पण पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. वयाने मोठ्या कुत्र्यांना दूध अनेकदा पचतही नाही. उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं चिकन, भात, थोडा लाल भोपळा द्या. कांदा-लसूण अजिबात नको. आणि मोतीचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारी रक्ततपासणी, या आठवड्यातच करून घ्या.