स्टिरिओ काढू नकोस, आधी अर्थचा पत्रा खरवडून बघ

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. कंपनीचा टचस्क्रीन स्टिरिओ तसाच ठेवून चॅनलला 75 वॅटचा चार चॅनल ॲम्प (ॲम्प्लिफायर) जोडलास, आणि ॲक्सिलेटरवर पाय पडला की गाण्यात बारीक शिट्टी चढत जाते. लक्ष्मीपुरीतला दुकानदार म्हणतोय, स्टिरिओच बदला. अजिबात बदलू नकोस. रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, सगळं त्याच्यावर चालतंय, आणि असल्या शिट्टीत स्टिरिओचा दोष क्वचितच असतो.

ही शिट्टी अल्टरनेटरची. म्हणून तर इंजिनाबरोबर चढते. ॲम्पची अर्थ (गाडीच्या पत्र्याला दिलेली निगेटिव्ह जोडणी) आणि स्टिरिओची अर्थ यांच्यात किंचित व्होल्टेजचा फरक पडला तरी तो आरसीए वायरीतून, म्हणजे ॲम्पला गाण्याचा सिग्नल देणाऱ्या वायरीतून, स्पीकरपर्यंत येतो. आधी ॲम्प बंद करून आरसीए पिना उपस, मग इंजिन आणि ॲम्प चालू कर. शिट्टी तशीच राहिली तर घोळ ॲम्पच्या पॉवरमध्ये किंवा अर्थमध्ये. गेली तर सिग्नलच्या वाटेवर किंवा दोन अर्थमधल्या फरकात. पिना परत लाव, गाणं मोठं ठेव आणि मल्टीमीटरनं बॅटरीची निगेटिव्ह आणि ॲम्पचं अर्थ टर्मिनल यांच्यातलं डीसी व्होल्टेज मोज. 0.1 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्ची आहे.

माझ्या गाडीत डिकीतलं अर्थच्या वायरीचं थिंबल (टोकाची धातूची कडी) सोडवलं तेव्हा खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. वॉशरच्या कडेला नखाएवढा चंदेरी ओरखडा, बस्स. 300 वॅटच्या क्लास एबी ॲम्पला पूर्ण जोरात 40 अँपियरच्या आसपास करंट लागतो, तो सगळा त्या ओरखड्यातून जात होता. पॉलिश पेपरनं पत्रा लखलखीत होईपर्यंत घास, नट घट्ट आवळ आणि वरून ग्रीस लाव, आपल्याकडच्या पावसात उघडा पत्रा लगेच गंजतो. सीटबेल्टच्या बोल्टाला मात्र अर्थ देऊ नकोस.

आता सिग्नल. कंपनीच्या स्टिरिओला बहुतेक वेळा आरसीए आउट नसतो, म्हणून स्पीकरच्या वायरींना जोड देऊन तो सिग्नल कन्व्हर्टरनं आरसीएत बदलतात. इथंच चूक होते. या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मं, सहा-सात व्होल्ट डीसी असतं. त्यातली 'मायनस' म्हणजे अर्थ नव्हे. काही स्वस्त कन्व्हर्टर सगळ्या मायनस आतून बॉडीला जोडतात. त्यानं आवाज तर बिघडतोच, स्टिरिओचा आयसीही (आतली चिप) उडू शकतो. तुझ्या ॲम्पला हाय लेव्हल इनपुट असेल तर कन्व्हर्टर काढून वायरी थेट तिथं दे. पुष्कळ ॲम्प त्याच डीसीवरून आपोआप चालूही होतात, रिमोटची वायर ओढावी लागत नाही. काही स्टिरिओ स्पीकरचा लोड दिसला नाही तर आवाजच बंद करतात. तसं झालं तर लोड रेझिस्टर लावावे लागतील.

शिट्टी गेली तरी एक गोष्ट आजच बघ: बॅटरीजवळ फ्यूज आहे का? माझ्या गाडीत बसवणाऱ्यानं तो ॲम्पजवळ लावला होता, आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट घातलंच नव्हतं. गगनबावड्याहून परतताना, भर पावसात, कळ्याच्या पुढं बोनेटमधून जळकट वास आला. पत्र्यावर घासून वायरीचं कव्हर फाटलं होतं आणि तांबं बॉडीला टेकून लाल झालं होतं. टर्मिनल सोडवायला हातात पाना नव्हता, एका ट्रकवाल्यानं दिला म्हणून गाडी वाचली. घरची माणसं आत बसलेली होती. ॲम्पजवळचा फ्यूज ॲम्प वाचवतो, वायर नाही. बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत 60 अँपियरचा फ्यूज हवा.

बॅटरीपासून ॲम्पपर्यंतची वायरही तपास. ब्लेडनं एक तार खरवड. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती काढून निखळ तांब्याची 4 गेज जाडीची घाल, आणि उद्यमनगरात थिंबल हायड्रॉलिक पंचनं दाबून घे. पकडीनं चेपलेलं थिंबल वर्षभरात ढिलं होतं.

गेनचं शेवटी बघू. ती ॲम्पच्या मागची फिरकी आवाज वाढवायची नाही, शिट्टी दबावी म्हणून आत्ता तिला हात लावू नकोस. आधी मीटरचा आकडा आणि कन्व्हर्टरच्या जोडणीचा फोटो टाक.