खजिनदारपदाला नाही म्हणा, फियाटला नको

पत्र: वसईत राहतो. निवृत्तीचं पहिलं वर्ष चर्चच्या सेवामंडळात, जुन्या गाड्यांच्या क्लबात (माझी 1973ची फियाट आहे) आणि मित्रांच्या भेटीगाठींत गेलं. बायको म्हणते, तुम्ही घरी फक्त कपडे बदलायला येता. आता मंडळ म्हणतंय खजिनदार व्हा, क्लबवाले म्हणतात गाडीची व्हिंटेज नोंदणी करा आणि नाशिकचा डायलिसिसवरचा मित्र विचारतो, येणार कधी? यातलं काय सोडू?

उत्तर: हातातलं काहीच सोडू नका, नवीन पद मात्र घेऊ नका. हिशेब 31 मार्चला बंद करायचे असतात आणि ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान येतो. म्हणजे झावळ्यांच्या रविवारपासूनची (ईस्टरच्या आधीचा रविवार) धावपळ आणि व्हाउचरांची जुळवाजुळव बहुतेक वर्षी एकमेकांच्या अंगावर येणार. मग ऑडिट आहेच. नकार देताना ‘बघतो’ म्हणू नका, मंडळात त्याचा अर्थ ‘हो’ होतो. फादरना भेटून नेमकं सांगा: पद नको, पण महिन्यातले दोन शनिवार आजाऱ्यांच्या घरभेटींना देईन.

मग कॅलेंडर घ्या. राखेच्या बुधवारपासून (उपवासकाळाचा पहिला दिवस) ईस्टरपर्यंतचे चर्चचे दिवस, धर्मग्रामाचा म्हणजे आपल्या चर्चचा सण आणि आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार आधी भरा. त्यानंतर पेन बायकोच्या हातात द्या. तिच्या माहेरचा सण, घरातली लग्नं, नुसतं घरी बसायचे दिवस, सगळं तिने लिहावं. क्लबच्या रॅल्या उरलेल्या जागेत. आज तुमच्याकडे नेमका उलटा क्रम दिसतो.

व्हिंटेज नोंदणीची घाई कशाला? 2021च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ती मिळते, पण मग गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच. तुम्हाला तर तीच गाडी घेऊन मित्रांकडे जायचंय! तेव्हा दर पाच वर्षांनी होणारं साधं नूतनीकरणच चालू ठेवा. क्लबातल्या मिरवण्यासाठी वर्षभराचं फिरणं घालवणं मला तरी पटत नाही.

गाडीला वेळ लागतो तो ती उभी राहिल्यामुळे. रोज पाच मिनिटं जागेवर इंजिन चालू ठेवणं ही सर्रास होणारी चूक आहे. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर चालवा. पावसाळ्यात तेही जमणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टायरमध्ये हवा चार-पाच पॉइंट जास्त भरा आणि हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक ओढून ठेवलात तर दमट हवेत ब्रेकचा लायनर ड्रमला चिकटतो आणि सप्टेंबरमध्ये चाकच फिरत नाही. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. पेट्रोलचा सगळा पाइप इथेनॉलला टिकणारा टाकून घ्या, कार्ब्युरेटरचे गॅस्केटही त्याच वेळी बदला. गळका पाइप गरम इंजिनजवळ असतो, म्हणून हे काम पुढच्या रॅलीच्या आधी करा.

नाशिकला फियाट न्यायची तर डिसेंबर-जानेवारीत, पहाटे निघून. एप्रिलच्या उन्हात कसारा घाटात इंजिनवरच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडू शकते. तसं झालं तर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. पण मित्रासाठी डिसेंबरची वाट पाहू नका. पहिली भेट याच महिन्यात, रेल्वेने.

त्याला डायलिसिसचे वार विचारा आणि मधल्या दिवशी जा. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून गेलेला असतो. अर्धा-पाऊण तास पुरे, पुढचं त्याने ‘आणखी बस’ म्हटलं तर. आणि वसईचा माणूस सवयीने नेतो ती केळी, सुकेळी, शहाळी अजिबात नेऊ नका. त्यांत पोटॅशियम भरपूर असतं, निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पाण्याचंही माप असतं, त्यामुळे चहाचा आग्रह तुम्ही करू नका. त्याच्या घरच्यांना फोन करून विचारा, काय आणू? बहुधा त्यांना खाऊ नकोच असेल, एखाद्या फेरीला त्याला रुग्णालयात नेणारं माणूस हवं असेल. ते वार आत्ताच कॅलेंडरात लिहा, रॅलीच्या तारखा यायच्या आधी.